कोणत्या मामाकडे

आमच्या आयुषचं जावळ काढलं ते साल दोन हजार बावीस, आणि ही गोष्ट त्याच्या पुढच्या वर्षाच्या डिसेंबरातली. जावळापासून सुरुवात करतो, कारण भांडण तिथंच झालं आणि त्या भांडणावाचून सुट्टीचा घोळ समजायचा नाही.

जावळ काढताना पोराला मामाच्या मांडीवर बसवतात. आयुष माझा नातू. त्याचा मामा म्हणजे माझी सून श्वेता हिचा मोठा भाऊ अंकित. तो कामठीला राहतो, घरीच दोन माग चालवतो. त्या दिवशी तो घरून वेळेवर निघाला होता, पण रेल्वे फाटकात अडकला. एक मालगाडी गेली, फाटक उघडायच्या आत दुसरी आली. इकडे न्हाव्याला आणखी दोन घरी जायचं होतं आणि आयुष रडून रडून निळा पडला होता. माझी बायको गोपिका म्हणाली, थोडं थांबू. पण घरातला कर्ता मी. कर्त्यानं काहीतरी करावं लागतं, नाहीतर लोकांना तो कर्ता आहे हे कळत नाही. शेजारचे नत्थूजी पुढंच बसले होते. मी आयुषला त्यांच्या मांडीवर ठेवला.

अंकित पोचला तेव्हा पोराचं डोकं सोललेल्या नारळासारखं झालं होतं. त्यानं नवे कपडे आणले होते, ते बाकावर ठेवले.

"मामा भेटला ना तुम्हाले एक? मंग मी काहून पाहिजे?" तो म्हणाला.

"मामा वेळेवर येत असते गा," मी म्हणालो.

तो न जेवता निघाला. दारातून वळून म्हणाला, "काकाजी, आता तुम्ही सोता पोराले घेऊन माह्या दारात याल, तवाच!"

"तू सोता न्यायला येशील, तवाच!" मी म्हणालो.

दोघांचाही 'तवाच' गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेला. इतक्या जोरात म्हटलेलं माघारी घ्यायचं तर तितक्याच जोरात घ्यावं लागतं. ते कोणाला जमेना. श्वेता रविवारी एकटी माहेरी जाऊन यायची, पोरं जात नसत. तिची आई, वच्छलाबाई, अंकितकडेच असायच्या. त्यांची मूत्रपिंडं निकामी होत चालली होती आणि आठवड्यातून दोनदा त्यांना मशीनवर न्यावं लागायचं. नातवंडांचं नाव काढलं की त्या भिंतीकडे तोंड करत, असं श्वेता गोपिकेला सांगायची. गोपिका मला सांगायची. मी पेपर वाचत असायचो.

पेपर वाचायला मला नुकतंच यायला लागलं होतं, त्यामुळं तो मी फार मन लावून वाचायचो. कोरोनात शाळा बंद होत्या आणि माझी नात अदिती पहिलीत होती. तिच्या तोंडापुढं मोबाईल धरून बसायचं काम माझ्याकडे आलं. उभं आयुष्य इतवारीत धान्याची पोती उचलण्यात गेलेलं, त्यामुळं हात दुखत नव्हता. वर्ष संपलं तेव्हा आम्ही दोघंही दुसरीत गेलो.

आता सुट्टीचं. नोव्हेंबर संपता संपता घरात बैठक बसली. शहरात तेव्हा अधिवेशनाची तयारी सुरू होती, रस्त्यांना पांढरे पट्टे मारणं चाललं होतं. आमच्या घरातलं अधिवेशनही काही वेगळं झालं नाही. सगळे बोलले, ठरलं काही नाही. माझा मुलगा रोहित म्हणाला, गोवा. मग त्यानं मोबाईलवर रेल्वे पाहिली आणि म्हणाला, गोवा नाही. गोपिका म्हणाली, हुरडा खायला माझ्या भावाकडे चला. तिच्या भावाकडं शेतात ज्वारी उरली नाही, सगळा सोयाबीन आहे, ही गोष्ट मी तिच्या ध्यानात आणून दिली. त्यावर ती दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली. अदितीला वाघ पाहायचा होता. तिच्या वर्गातल्या गौरांगनं दिवाळीत तीन वाघ पाहिले होते, त्यातला एक जांभई देत होता.

"आबा, त्याच्याकडे जांभईचा व्हिडिओ आहे!" अदिती म्हणाली. तिच्या आवाजात जो अपमान होता तो मला बरोबर कळला.

"आणि श्वेता, तुझं काय?" मी विचारलं.

"माझं काही नाही, बाबा. तुम्ही म्हणाल तिथं."

हे म्हणताना ती मेथी निवडत होती आणि पानं टाकून काड्या पातेल्यात ठेवत होती. हे मी समोर बसून पाहिलं आणि तरी मला काही दिसलं नाही. मी म्हणालो, "बस. सुट्टीचं माझ्यावर सोडा." रोहितनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विमान चालवतो म्हणालो.

रोहित दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या कामानं रायपूरला गेला. जाताना म्हणाला, "बाबा, काय ठरवाल ते ग्रुपवर टाका." मोबाईलवर आमचा घरचा ग्रुप आहे. त्यात रोहित आणि श्वेता लिहायचे, गोपिका फुलांची चित्रं पाठवायची आणि मी वाचायचो.

मी वाघ ठरवला. एक तर अदितीसाठी, आणि दुसरं म्हणजे या विषयातला घरातला जाणकार मीच. आमचं मूळ गाव देवलापारच्या पुढं, जंगलाला टेकून. मी लहानपणी वाघासमोर उभा राहिलो होतो, ही गोष्ट मी पोरांना शंभरदा सांगितली आहे. खरं तर मी तेव्हा मोहाच्या झाडावर चढून डोळे मिटून बसलो होतो, आणि खालून गेलं ते धोंडबाचं वासरू होतं, असं धोंडबाचं म्हणणं. पण धोंडबा आता नाही आणि वासरूही नाही, त्यामुळं तो वाघ दर वर्षी थोडा वाढत जातो.

नत्थूजींचा पुतण्या पियुष जंगलाच्या गेटावर जिप्सी चालवतो. नत्थूजींच्या घरी बसून मी त्याच्याशी फोनवर बोललो. नाताळानंतरच्या दोन रात्री गेटाजवळ मुक्काम आणि सकाळी सगळ्यांना जिप्सीतून फिरवायचं, असं ठरलं.

"पोरं भेतील का, काकाजी?" पियुषनं विचारलं.

"मी हाओ ना संगं," मी म्हणालो.

नत्थूजी चहा पीत होते, त्यांना ठसका लागला.

घरी आलो आणि ग्रुपवर लिहायला बसलो. इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या गावात वाघाला वाघ म्हणायला बंदी नव्हती. चुलीपाशी बसून दिवसभर म्हणा. पण एकदा त्याच्या रानाकडे जायचं ठरलं की मग नाव घ्यायचं नाही. घेतलं तर तो वाटेत येऊन उभा राहतो. मग त्याला म्हणायचं मामा. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो, वयानं कितीही मोठा असला तरी. तेव्हा आपण त्याला मामा म्हटलं की आपण भाचे झालो, आणि भाच्याला तो खाणार कसा? माझी माय सरपणाला निघाली की म्हणायची, "आज मामाकडे जाऊन राहिले." जे तोंडानं बोलायचं नाही ते हातानं कसं लिहायचं? लिहिलेलं तर पुसलंही जात नाही. माझं बोट 'व'पाशी गेलं आणि मागं आलं.

मग मी लिहिलं: 'सुट्टीत आपण सगळे मामाकडे जाऊ. दोन रात्री मुक्काम करू. मी बोलून ठेवले आहे. भ्यायचे काम नाही. मामा आता माणसाळला आहे, अंगावर येत नाही. कोणी नाही म्हणू नये.'

तीन वेळा वाचलं. ग्रुपवरचं माझं पहिलंच लिखाण. 'सुट्टीत' आणि 'मुक्काम' यांत जोडाक्षरं होती, आणि 'भ्यायचे' तर फारच अवघड, पण सगळी बरोबर आली होती. चूक अक्षरांत नव्हतीच. मी बटण दाबलं आणि कौतुक ऐकायला ओट्यावर उन्हात जाऊन बसलो.

श्वेता डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते. ती संध्याकाळी येते, त्या दिवशी दुपारीच आली. गाडी लावली, चपला न काढता ओट्यावर आली आणि माझ्या पाया पडली. डोळे लाल होते.

"बाबा, मले वाटलंच नव्हतं तुम्ही सोताहून म्हणाल."

वाघाचं हिला एवढं? मला वाटलं, ही पण बिचारी मनात धरून बसली होती. मी म्हणालो, "अवं त्यात काय. वय होऊन राहिलं माझं. मंग कधी दाखवू पोराहीले?"

"आई पण दिसेल त्याहीले."

मला वाटलं, म्हणजे वाघीण. मी जाणकाराच्या आवाजात म्हणालो, "दिसली तर नशीब समजायचं. आई तशी बाहेर निघत नाही."

"हो ना. आता तं तिले उठवतही नाही," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसायला लागली.

आजारी वाघिणीसाठी रडणारी सून मी पहिल्यांदाच पाहत होतो. तिच्या मनाचं मला कौतुक वाटलं.

"आणि बाबा, ते माणसाळला म्हणून लिहिलं ना तुम्ही, मी दवाखान्यात एकटीच हसून राहिली होती. अंगावर येत नाही म्हणे! मी लगेच दादाले फोन लावला. म्हटलं, बाबा बोलले ना तुह्याशी? तर म्हणते, हो हो, झालं आमचं बोलणं. मले काहून नाही सांगितलं रे, तं म्हणते, मोठ्या माणसाच्या गोष्टी आहेत."

ती आत गेली. मी ओट्यावरच बसून राहिलो. ऊन छान होतं. समोरून एक भाजीवाला गेला. त्यानं मला दोनदा विचारलं, पालक पाहिजे का. मी मान हलवली. ती कोणत्या दिशेनं हलवली मला आठवत नाही, पण संध्याकाळी घरात पाच जुड्या पालक निघाला.

गोपिका बाहेर आली. तिच्या हातात मोबाईल होता. तिला वाचायला माझ्यापेक्षा चांगलं येतं, ती सातवी शिकली आहे. ती बाजूला टेकली.

"एक विचारू? मामा म्हणजे कोणता मामा?"

मी रस्त्याकडे पाहिलं.

"तुमच्या मायचा मामा ना? झाडीतला?"

"हळू बोल वं."

ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. मी तिला एवढं हसताना पाहिलं त्याला बरीच वर्षं झाली होती, आणि ते हसू माझ्यावर होतं म्हणून मला ते पूर्ण भोगता आलं नाही.

"अंकितशी बोलून ठेवलं म्हणे," ती म्हणाली.

"मी पियुषशी बोललो. पण तो अंकित हो काहून म्हणाला? खोटारडा आहे तो."

"त्याले वाटलं असंन, बुढा बोललो म्हणते तं आपण काहून नाही म्हणावं? बहिणीसमोर तुमची लाज राखली त्यानं. नाहीतर सोताची. आता तुम्ही काय करता ते बोला."

"काय करायचं? सांगतो तिले. गैरसमज झाला म्हणून."

"सांगा. जा. सैपाकघरात आहे."

मी उठलो. धोतर नीट केलं, खाकरलो आणि आत गेलो. जाताना वाक्य तयार केलं होतं: 'श्वेता, तू ज्याले मामा समजलीस तो मामा तो नव्हे.' वाक्य चांगलं होतं. पण श्वेता माझ्याकडे पाठ करून फोनवर आईशी बोलत होती.

"आयुष आता सगळं बोलते, आई. ट्रकले टक म्हणते… नाही, घाबरत नाही… हो, अदिती तुह्याच बाजूला झोपन. तिले आठवते ना, तू वेणी घालून द्यायची ते… स्वेटर कोणता? निळा? अवं तो आता लहान झाला त्याले… बरं बरं, तू उसवू नको, नवा नको विणू, तुह्या हाताले सुई लागते ना मशीनची… बरं, विण बाई, विण."

मी माठातून पाणी घेतलं, प्यालो आणि परत आलो.

"सांगितलं?" गोपिकेनं विचारलं.

"तहान लागली होती."

तिनं मोबाईल पदरानं पुसला.

"पण मी आधी त्याच्या दारात जायचं म्हणजे…" मी म्हणालो. "माह्या नाकाचं काय?"

"तुमचं नाक कोणी पाहत नाही हो. तुम्हालेच ते दिसते, मधात येते म्हणून."

राहिली होती अदिती. वाघाचा बेत गेला, हे तिला कोण सांगणार? मला वाटलं, निदान ती तरी रडेल, हट्ट करेल, आणि मग नातीसाठी म्हणून मला सन्मानानं जंगलाकडे वळता येईल. पण शाळेतून आली, आईचं ऐकलं आणि घरभर नाचली. मामाच्या मागावर तिनं लहानपणी धाग्यांच्या रिकाम्या कांड्या जमवल्या होत्या, ते सगळं तिला आठवत होतं.

"पण वाघ?" मी हळूच विचारलं. नाव घ्यायला आता हरकत नव्हती.

"वाघ काय, आबा, वाघ पुढच्या वर्षी पण राहील."

नत्थूजींकडे जाऊन जिप्सी रद्द केली. कारण सांगावं लागलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मधुकरराव, त्या दिवशी मी अर्धा तास मामा झालो होतो तं एवढं रामायण झालं. मले पण घेऊन चालता का? दोन मामा समोरासमोर होऊन जाऊ द्या."

रोहित रायपूरहून आला. त्यानं ग्रुपवर वाचलंच होतं, पण विश्वास बसला नव्हता. "बाबा, लोक सुट्टीत काश्मीरला जातात. आपण कामठी?"

"तिथंही थंडी असते," मी म्हणालो.

निघताना सामान खरंच काश्मीरचं होतं. गोपिकेनं दोन रजया घेतल्या, श्वेतानं आईसाठी वेगळा बिनमिठाचा डबा, अदितीनं कांड्यांसाठी रिकामी पिशवी. सीताबर्डीपर्यंत ऑटो, तिथून मेट्रो, मेट्रो संपली की पुन्हा ऑटो. मेट्रोत एका माणसानं रजयांकडे पाहून विचारलं, "काकाजी, गाव कोणतं?" मी म्हणालो, "लांब आहे." अदिती म्हणाली, "कामठी!" डब्यातले चार जण हसले. मी खिडकीतून बाहेर पाहायला लागलो. नागपूर वरून फार चांगलं दिसतं.

ऑटोत माझी बोलती बंद झाली होती. मी मनात दोन वाक्यं घोळवत होतो. एक, त्यानं आधी तोंड उघडलं तर म्हणायचं. दुसरं, मला आधी उघडावं लागलं तर. दुसरं अजून अर्धंच होतं तेव्हा ऑटो थांबली.

अंकित दारात उभा होता. इस्त्रीचा शर्ट, छातीवर हात बांधलेले. या दोन वर्षांत त्याचे पुढचे सगळे केस गेले होते. मी आयुषला कडेवरून खाली उतरवलं. मी अंकितकडे पाहत होतो, तो माझ्याकडे. माग बंद होते, त्यामुळं शांतता नको तेवढी होती. मग रीत म्हणून तो वाकला आणि भाच्याच्या इवल्या बुटांना हात लावला. आयुषनं समोर आलेल्या त्या गुळगुळीत डोक्यावर दोन्ही हात ठेवले, चांगले फिरवले आणि विचारलं,

"मामाचे केस कोनी कापले?"

कोणी हसेना. मीच पहिला हसलो, म्हणजे हसू निसटलं. मग अंकित वाकल्या वाकल्याच हसला आणि तसाच माझ्याही पाया पडला. तयार केलेली दीड वाक्यं मी आजवर वापरलेली नाहीत.

आतल्या खोलीत वच्छलाबाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. हात काडीसारखे झालेले, दंडावर सुयांचे काळे डाग, आणि मांडीवर निळ्या लोकरीचा अर्धा स्वेटर. अदिती दारातच थांबली. तिच्या आठवणीतली आजी मोठी होती. वच्छलाबाईंनी तिला बोलावलं नाही. नुसती फणी उचलून दाखवली. अदिती गेली आणि पाठ करून बसली. वेणी घालायला फार वेळ लागला, हात थांबत थांबत चालत होते. श्वेता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि नत्थूजींना कधीतरी सांगायचं ठरवलं की यापुढं मी ठरवलेल्या सुट्ट्यांवर हसायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंकित मला माग दाखवायला घेऊन गेला. मागांचा आवाज असा की शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. मला वाटतं, म्हणूनच त्यानं ती जागा निवडली. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला,

"काकाजी, त्या दिवशी तुमचा फोन आला होता ना…"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो धाग्याकडे पाहत होता.

"हो," मी ओरडलो. "आवाज बरोबर येऊन नव्हता राहिला."

"मले पण नाही आला!" तो ओरडला. "पण समजलं."

एवढंच. त्यानंतर आम्ही सुताच्या भावावर बोललो. त्यातलं मला एक अक्षर ऐकू आलं नाही, पण मी प्रत्येक वेळी मान हलवली.

निघायच्या दिवशी सकाळी खाट अंगणात उन्हात काढली होती. पोरं रोहितबरोबर बाजारात गेली होती, बाकीचे आत होते. वच्छलाबाई स्वेटरची बाही विणत होत्या. मी खुर्ची घेऊन बसलो.

"व्याही, एक विचारू?" त्या म्हणाल्या. "अंकितले तुमचा फोन तं नव्हताच आला. त्याचा फोन दिवसभर माह्या उशापाशी राहते. मंग तुम्ही कसे काय आले?"

खोटं बोलायची माझी तयारी होती. म्हणणार होतो, विहीणबाई, माणसानं किती दिवस धरून बसावं, मन मोठं करावं. हे वाक्य पूर्ण होतं आणि चांगलंही होतं. पण त्या सुया थांबवून माझ्याकडे पाहत होत्या. मी खरं सांगितलं. माय, सरपण, मामा, पियुष, जिप्सी, माणसाळला, अंगावर येत नाही, सगळं.

त्या आधी नुसत्या बघत राहिल्या. मग खांदे हलायला लागले. मग खोकला आला. मी घाबरून उठलो, पाणी दिलं. त्या हातानं 'काही नाही, काही नाही' करत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"म्हणजे माह्या पोराले तुम्ही… ढाण्या…"

"तो गैरसमज झाला, विहीणबाई."

"गैरसमज कुठचा? लहानपणापासून तसाच आहे तो." त्यांनी पुन्हा हसून घेतलं. मग दम खाल्ला. "आणि मी तुमची वाघीण. बाहेर निघत नाही म्हणे!"

"मी तसं मनानं नव्हतो आलो," मी म्हणालो. "म्हणजे… तुमच्यासाठी म्हणून. ते तुम्हाले माहीत असावं म्हणून सांगितलं."

त्यांनी बाहीची एक ओळ विणून पूर्ण केली.

"तुम्ही काय समजून निघाले ते मले काय करायचं, व्याही? लेकरं रातभर माह्या बाजूला झोपली. त्या लहान्यानं तं पोटात लाथा मारल्या." त्यांनी लोकर सैल केली. "श्वेताले मात्र सांगू नका. ती दवाखान्यात सगळ्याहीले सांगत सुटली आहे, सासरा असा, सासरा तसा. राहू द्या तिले तसंच. मी गेल्यावर सांगा. तवा ती रडत असंन, जरा हसन तरी."

"असं बोलू नये," मी म्हणालो. म्हणायला पाहिजे म्हणून म्हणालो. दोघांनाही माहीत होतं.

आम्ही परत निघालो तेव्हा दोन्ही रजया तिथंच राहिल्या. पुढच्या रविवारी पुन्हा यायचंच होतं, मग कशाला न्यायच्या, असं गोपिका म्हणाली. पुढच्या रविवारी गेलो, त्याच्या पुढच्याही. जानेवारी संपेपर्यंत एक रविवार चुकला, तो आयुषला ताप होता म्हणून. त्या रविवारी अंकितच मोटरसायकलवर आला. जेवला आणि निळा स्वेटर देऊन गेला. एक बाही थोडी आखूड झाली होती.

वच्छलाबाई दोन हजार चोवीस सालच्या सतरा फेब्रुवारीला, शनिवारी सकाळी, कामठीच्या घरी वारल्या. श्वेता आणि दोन्ही पोरं त्यांच्याजवळ होती.